एका घोषणेचें व्याकरण

घोषणा हें वाङ्मय मानावें कीं नाहीं, याविषयीं रसिकांत मतभेद होणें स्वाभाविक आहे. घोषणा भिंतीवर लिहिली जाते, मिरवणुकींत ओरडली जाते, आणि निवडणूक संपली म्हणजे पहिल्या पावसांत धुऊन जाते. टीकाकारानें थांबून पाहावें असें तिच्यांत सहसा कांहीं नसतें. तथापि क्वचित् एखादें वाक्य असें निपजतें कीं, त्याचें परीक्षण एखाद्या चांगल्या कवितेच्या परीक्षणाइतकेंच अगत्याचें ठरतें. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांत मेंढा नांवाचें गोंड वस्तीचें एक लहानसें गांव आहे. लेखा या ग्रामपंचायतींत त्याचा समावेश होता, म्हणून मेंढा-लेखा या जोडनांवानें तें प्रसिद्ध झालें. तेथील लोकांनीं सुमारें तीन तपांपूर्वीं एक वाक्य उच्चारिलें : ‘दिल्ली-मुंबईंत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार.’ प्रस्तुत लेखाचा विषय हें वाक्य, त्याचा आजवर लाविला गेलेला अर्थ, आणि तो अर्थ लावतांना आपण सुशिक्षितांनीं केलेली चूक हा आहे.

या वाक्याचें कौतुक पुष्कळ झालें आहे. परंतु कौतुक आणि वाचन या दोन वस्तु निराळ्या आहेत. आपल्याकडे या घोषणेचे दोन अर्थ रूढ झालेले दिसतात. एक अर्थ अद्भुतरम्य आहे : दूर अरण्यांत एक निरागस समाज राहतो, त्यास आपला राजा आपणच असल्याचा साक्षात्कार झाला, आणि तो सुखानें नांदूं लागला. दुसरा अर्थ भयभीत मनाचा आहे : हा सरकारास दिलेला नकार असून त्यांत बंडाचें बीज आहे. गडचिरोली जिल्ह्यानें बंदुकीचें राजकारण अनेक वर्षें सोसलेलें असल्यामुळें हा दुसरा अर्थ पुष्कळांस खरा वाटला. आमच्या मतें हे दोन्ही अर्थ चुकीचे आहेत, आणि ही चूक कळण्यास राज्यशास्त्राची नव्हे, शाळेंत शिकलेल्या व्याकरणाचीच गरज आहे.

वाक्याचीं दोन अंगें पाहावीं. पहिल्या अंगांत ‘आमचें सरकार’ आहे. येथें संबंध षष्ठीचा आहे. सरकार ही एक वस्तु, आम्ही तिचे धनी. ती आमची आहे, पण ती म्हणजे आम्ही नव्हे. धनी दूर असूं शकतो, झोपूं शकतो, पांच वर्षांनीं एकदां येऊन हिशेब विचारूं शकतो. दुसऱ्या अंगांत षष्ठी नाहीं. तेथें ‘आम्हीच सरकार’ अशी प्रथमा आहे. येथें सरकार कोणाच्या मालकीचें उरत नाहीं. ‘आम्ही’ आणि ‘सरकार’ हीं दोन पदें एकमेकांसमोर समान विभक्तींत येऊन उभीं राहतात. षष्ठीनें हक्क मिळतो. प्रथमेनें काम अंगावर पडतें. जें माझें आहे त्याच्याबद्दल मी तक्रार करूं शकतों. जें मीच आहें त्याच्याबद्दल तक्रार कोणाकडे करावयाची? शेवटीं जोडलेला तो एक ‘च’ गर्वाचा वाटतो खरा, परंतु नीट ऐकिलें असतां तो पळवाट बंद करणारा ‘च’ आहे. शिवाय पहिलें अंग गाळलेलें नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. दिल्ली-मुंबई त्यांनीं नाकारिलेली नाहीं. ती आपली म्हटली आहे. बंडखोराच्या तोंडीं ‘आमचें’ हें विशेषण येत नसतें.

आतां, वाक्य चांगलें आहे एवढ्यानें तें खरें ठरत नाहीं. घोषणेच्या मागें तिचा अर्थ पेलणारें आचरण आहे कीं काय, हें पाहणें टीकाकाराचें दुसरें कर्तव्य होय. १९८० नंतरच्या दशकांत गोदावरी व इंद्रावती या नद्यांवर इंचमपल्ली व भोपालपटणम् येथें मोठीं धरणें बांधण्याची योजना होती. तींत आदिवासींचीं गांवें आणि विस्तीर्ण अरण्य बुडणार होतें. त्याविरुद्ध जें आंदोलन उभें राहिलें, त्यांत लाल श्यामशाह, बाबा आमटे यांसारखे पुढारी होते, आणि मेंढ्याचे श्री. देवाजी तोफा यांच्यासारखे गांवकरीही होते. धरणें मागें पडलीं. येथेंच पुष्कळशीं आंदोलनें संपतात. मेंढ्याची गोष्ट येथें सुरू झाली. कारण धरण नको असें म्हणतां येतें, पण अरण्य हवें असेल तर तें राखावयाचें कोणीं, हा प्रश्न मिरवणूक संपल्यावर उरतोच.

त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं गांवानें, श्री. मोहन हिराबाई हिरालाल व त्यांची ‘वृक्षमित्र’ संस्था यांच्या सोबतीनें, दोन साध्या रीती बसविल्या. पहिली अभ्यासगटाची. या गटांत बाहेरचा जाणकार येऊं शकतो, गांवकरी त्यास हवें तें विचारतात, वाद करितात. परंतु तेथें निर्णय मात्र कोणताच होत नाहीं. निर्णय होतो ग्रामसभेंत, आणि तेथें बाहेरच्याचें मत चालत नाहीं. ज्ञान आणि सत्ता यांची ही फारकत आम्हांस अत्यंत महत्त्वाची वाटते. तज्ज्ञानें सांगावें आणि गांवानें मान डोलवावी, किंवा गांवानें तज्ज्ञास हांकलून द्यावें, या दोन टोकांमध्यें आपला सार्वजनिक व्यवहार हेलकावे खात असतो. मेंढ्यानें त्यांच्यामध्यें एक उंबरठा घातला. मधमाश्यांचा अभ्यास याच रीतीनें झाला, आणि पोळें जाळून मध काढण्याऐवजीं माश्या न मारतां तो काढण्याची पद्धत त्यांतून निघाली.

दुसरी रीत सर्वसहमतीची. ग्रामसभेंत मतें मोजीत नाहींत. एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढें ढकलावयाचा आणि पुन्हां बोलावयाचें. घाईच्या माणसास ही रीत वेडगळपणाची वाटेल. दारूबंदीसारखा प्रश्न, जो घराघरांत आणि देवकार्यांतही शिरलेला, तो अशा रीतीनें सोडविण्यास किती बैठकी लागत असतील, याची कल्पनाच करावी. परंतु बहुमतानें घेतलेल्या निर्णयाच्या पाठीशीं शिपाई लागतो. सर्वांच्या संमतीनें घेतलेला निर्णय पाळण्यास शेजारी पुरतो. ज्या गांवापाशीं शिपाई नाहीं आणि राखावयाचें जंगल मात्र सुमारें १८०० हेक्टर आहे, त्यानें हा विलंब पत्करला यांत भाबडेपणा नसून हिशेब आहे.

या हिशेबाची परीक्षा बांबूनें घेतली. आणि ही परीक्षाही मुळांत एका शब्दाच्या अर्थाचीच होती, म्हणून ती वाङ्मयीन मासिकांत सांगण्यासारखी आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें बांबू हें गवत. परंतु १९२७ सालच्या भारतीय वन अधिनियमांत ‘झाड’ या शब्दाची व्याख्या करितांना बांबूही त्यांत घातला गेला. पुढें २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें बांबूस गौण वनोपजांत गणिलें आणि तें गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क तेथील रहिवाशांस दिला. म्हणजे एकच वस्तु एका कायद्यांत सरकारचें झाड आणि दुसऱ्या कायद्यांत गांवाचें उत्पन्न! २००९ सालीं मेंढ्यास आणि मर्दा या दुसऱ्या गांवास सामूहिक वनहक्क मिळाले. देशांत असे हक्क मिळालेलीं हीं पहिलीं गांवें. तरीही कापलेला बांबू जंगलाबाहेर नेण्यास लागणारा वाहतूक-परवाना वनखात्याच्याच हातीं राहिला, आणि हक्क कागदावर व बांबू रानांत अशी स्थिति झाली. अखेरीस २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हे दोघे मेंढ्यास आले, आणि परवान्यांचें पुस्तक त्यांनीं ग्रामसभेच्या स्वाधीन केलें. १९२७ च्या व्याख्येंतून ‘बांबू’ हा शब्द मात्र २०१७ च्या नोव्हेंबरांत निघालेल्या वटहुकुमानें गळाला, तोही जंगलाबाहेर लावलेल्या बांबूची सोय व्हावी म्हणून. एक शब्द दुरुस्त करावयास नव्वद वर्षें लागलीं. शब्दांस महत्त्व नसतें असें म्हणणाऱ्यांनीं हा इतिहास वाचावा.

त्या दिवशींच्या समारंभांत आपली घोषणा जणूं रंगभूमीवर उतरली होती. दिल्लीचें सरकार होतें, मुंबईचें होतें, आणि ज्याच्या हातीं पुस्तक द्यावयाचें तें तिसरें सरकार जमिनीवर बसलेलें होतें. षष्ठी आणि प्रथमा समोरासमोर आल्या, आणि कोणीं कोणास नाकारिलें नाहीं.

ही सारी हकीकत मराठी वाचकांपर्यंत पोंचविण्याचें श्रेय बऱ्याच अंशीं श्री. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकास आहे. श्री. बोकील हे ‘शाळा’ या कादंबरीचे कर्ते. मेंढ्याच्या सामग्रीवर एक झणझणीत कादंबरी रचणें त्यांस अवघड नव्हतें; तो मोह त्यांनीं टाळला, हें त्यांच्या विवेकाचें लक्षण होय. ‘गोष्ट’ हा शब्दही त्यांनीं अचूक योजिला आहे. अहवालास वाचक नसतो आणि कादंबरीस पुरावा लागत नाहीं. गोष्टीस ऐकणारा लागतो आणि ती खरी असावी अशी अपेक्षाही असते. शिवाय ही गोष्ट कोणा पुढाऱ्याची नसून गांवाची आहे, हें पुस्तकाच्या नांवावरच लिहिलेलें आहे. ज्या भाषेंत चरित्रें उदंड आणि सभांचे वृत्तान्त नीरस, त्या भाषेंत एका सभेस नायकपद मिळावें ही लहानसहान गोष्ट नव्हे.

परंतु सहानुभूतीनें सांगितलेल्या कोणत्याही गोष्टीची एक मर्यादा असते. ती जुळलेल्या मतांची असते. ज्यानें प्रथम ‘नाहीं’ म्हटलें, ज्याच्यासाठीं बैठक पुढें ढकलली गेली, जो शेवटीं वळला किंवा केवळ थकला, त्याचा आवाज तींत क्षीण ऐकूं येतो. सर्वसहमतीच्या गांवाचा खरा नायक हा ‘नाहीं’ म्हणणारा मनुष्य आहे. त्याचें चरित्र अद्याप मराठींत लिहिलें जावयाचें आहे.

येथें एका मोठ्या आक्षेपास उत्तर देणें प्राप्त आहे. गांवाचें स्वराज्य हें शब्द उच्चारतांच आपल्या वाङ्मयांत दोन थोर साक्षीदार उभे राहतात, आणि दोघेही गांवाविरुद्ध साक्ष देतात. महसूलखात्यांत नोकरी करून गांवाचें अंतरंग पाहिलेले त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांवगाडा’ लिहिला. वतनें, बलुतीं आणि फुकटखाऊंचा भार यांखालीं गांव कसा रुतला आहे, हें त्यांत निर्दयपणें दाखविलें आहे. दुसरी साक्ष याहून कठोर. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटना-परिषदेंत मसुदा मांडतांना डॉ. आंबेडकर यांनीं गांव म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचें आगर होय, अशा आशयाचें भाषण केलें, आणि मसुद्यानें गांव टाकून व्यक्ति हा घटक धरिला याबद्दल समाधान व्यक्त केलें. त्याच महिन्यांत ग्रामपंचायतींविषयींचें कलम मार्गदर्शक तत्त्वांत घालण्यांत आलें खरें. पण तें कलम घातल्यानें त्या आक्षेपाचें निरसन झालें, असें कोणीं समजूं नये. ज्या गांवांत वेशीबाहेर राहावें लागलें, त्या गांवास ‘आम्ही’ कसें म्हणावें? ‘आम्हीच सरकार’ या वाक्यांतील ‘आम्ही’ कोण?

या प्रश्नास मेंढ्याचें उदाहरण पुरें उत्तर देत नाहीं, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. मेंढा बहुतांशीं एकाच जमातीचें गांव आहे. तेथें जमीनदार आणि कूळ, वेशीच्या आंतला आणि बाहेरचा, अशी खोल दरी नाहीं. देशावरील एखाद्या बारा जातींच्या गांवांत हीच सर्वसहमति आणली तर काय होईल? कर्ता पाटील बोलेल, बाकीचे खालीं पाहतील, आणि सभेनें एकमुखानें ठरविलें अशी नोंद होईल. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हें वचन आपण किती सहज उच्चारतों! पण भ्यालेल्याचें मौन आणि पटलेल्याचें मौन यांचा ध्वनि सारखाच असतो. म्हणून मेंढ्याची रीत जशीच्या तशी उचलून सर्वत्र लावा, असें म्हणणारे त्या गांवाचे मित्र नव्हेत. मात्र या आक्षेपाची दुसरी बाजूही आहे. बहुमताच्या सभेंत दुबळ्याचें मत एक. तें मोजलें जातें आणि हरतें. सर्वसहमतीच्या सभेंत त्याच दुबळ्याच्या एका ‘नाहीं’ शब्दानें सारी सभा थांबते. अर्थात् तो शब्द त्यास निर्भयपणें उच्चारतां आला पाहिजे. तेव्हां डॉ. आंबेडकरांचा आक्षेप मेंढ्याच्या रीतीस खोटी ठरवीत नाहीं. ती खरी केव्हां होते याची अट सांगतो. ज्या गांवांत ‘नाहीं’ म्हणणाऱ्याची भाकरी दुसऱ्याच्या हातांत आहे, तेथें सहमति नाहीं. तेथें सहमतीचें सोंग आहे. २०१३ सालीं मेंढ्यानें आपल्या जमिनी ग्रामदानांत आणण्याचा निर्णय घेतला, त्याचें मर्मही आम्हांस याच ठिकाणीं दिसतें. ‘माझी जमीन’ ही षष्ठी सैल झाल्यावांचून ‘आम्ही’ ही प्रथमा घट्ट होत नाहीं, हें त्या लोकांनीं ओळखिलें असावें.

आतां वाचक म्हणतील कीं, दूरच्या अरण्यांतील या गांवाशीं आमचा संबंध काय? संबंध दोन आहेत, आणि दोन्ही घरांतले आहेत. पहिला कागदाचा. बल्लारपूरच्या कागद-कारखान्यास गडचिरोलीच्या जंगलांतला बांबू अनेक वर्षें जात असे, आणि त्या बांबूचा लिहावयाचा व छापावयाचा कागद होई. मेंढ्याच्या लोकांनीं आपल्या रानांतली ती तोड रोखली, तेव्हां आपल्या वह्या, आपल्या मुलांचीं पाठ्यपुस्तकें आणि कदाचित् या जातीचीं मासिकेंही त्या भांडणांत एक पक्ष होतीं. आपण निसर्गावरच्या कविता ज्यावर वाचल्या, त्या पानाचें रान कोणाचें होतें, हें आपण कधीं विचारिलें नाहीं.

दुसरा संबंध सांगतांना प्रस्तुत लेखकास थोडी लाज वाटते. आम्ही राहतों त्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारांत एक जुना कडुनिंब होता. मोटारी उभ्या करण्यास जागा हवी म्हणून तो काढावा, अशी सूचना वार्षिक सभेपुढें होती. सभेस गणसंख्या भरली नाहीं. नियमाप्रमाणें अर्धा तास थांबून तीच सभा हजर असलेल्यांवर पुन्हां भरली. हजर नसलेल्यांत आम्ही होतों. पुढें झाड गेलें. कोणीं विचारिलें तर आम्ही सांगत असूं, ‘कमिटीनें ठरविलें.’ कांहीं महिन्यांनीं इतिवृत्ताची नक्कल दाराशीं आली. तींत झाडासंबंधीं एक ओळ होती, आणि ती ‘सर्वानुमतें मंजूर’ या दोन शब्दांनीं संपत होती. आम्ही ती वाचली, आणि सही करून परत दिली.

‘सर्वानुमतें’ आणि ‘सर्वसहमति’! कोशांत पाहूं जातां अर्थ एकच. मेंढ्याच्या सभेंत त्या शब्दापाठीमागें अनेक बैठकी आणि त्या थांबविणारा एक हट्टी मनुष्य आहे. आमच्या इतिवृत्तांत त्याच्या पाठीमागें रिकाम्या खुर्च्या आहेत. आणि जें व्याकरण आम्ही या लेखाच्या आरंभीं मोठ्या ऐटीनें शिकविलें, त्याच्या कसोटीस आम्हीच उतरलों नाहीं. ‘कमिटीनें ठरविलें’ या वाक्यांत कर्ता तृतीयेंत आहे आणि ‘आम्ही’ कोठेंच नाहीं. ज्या वाक्यांत आपण नसतों, त्या वाक्याचा दोषही आपल्याकडे येत नाहीं; आणि म्हणूनच सुशिक्षितांस तें वाक्य इतकें प्रिय आहे.

मेंढ्याच्या घोषणेचें खरें परीक्षण म्हणूनच तेथील अरण्यांत जाऊन करण्याचें नव्हे. तिचें पहिलें अंग आपणां सर्वांस पाठ आहे. दिल्ली-मुंबईंतलें सरकार आमचें आहे, असें आपण दर निवडणुकीस म्हणतों आणि मग वर्तमानपत्र वाचीत त्यास नांवें ठेवतों. दुसरें अंग मात्र आपण त्या गांवाच्या नांवावर लिहून, कौतुक करून, मोकळे होतों. पुढील महिन्यांत आमच्या संस्थेची वार्षिक सभा आहे. तिच्या विषयपत्रिकेवर आवारांतल्या उरलेल्या दोन झाडांचा विषय आहे. तेथें जाऊन बसणें, आणि वेळ पडल्यास एकट्यानें ‘नाहीं’ म्हणणें, एवढें तरी या लेखकाच्या हातीं आहे.